पेटी नंबर तीन

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. पेट्या उघडायच्या त्या
दुपारी बारानंतरच. त्याआधी गच्चीवर
आपली बोटं आखडतात, माश्यांचं काय घेऊन बसलात.
धुकं विरून किल्ल्याची कड स्वच्छ दिसली
की मी कठड्यावरून तुळपुळ्यांना हाक मारते.

ते येतात कानटोपी घालून, टोपीवर जाळी,
एका हातात धुरांडं, काखेत लाल खतावणी.
छत्तीस वर्षं महालेखापालांच्या कचेरीत काढलेला माणूस,
माशीलाही नोंदीशिवाय उडू देत नाही.

आधी पेटी मागून चार बोटं उचलायची.
आतला मध हाताला कळतो.
एक : जड.
दोन : इतकी जड की तुळपुळे "वा" म्हणाले.
चार : बरी, थोडा साखरपाक लागेल.
तीन उचलली, तर रिकाम्या डब्यासारखी वर आली
आणि आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मग इतर कामं काढली, उगीचच आधी.
दारं बारीक केली, दोन माश्या अंग चोरून जातील एवढीच.
तिवयांखालच्या वाट्यांत पाणी भरलं, मुंग्यांसाठी.
पुढच्या बाजूला किंचित उतार दिला,
आतला घाम बाहेर गळावा म्हणून.
वर पेंढा भरलेली पोती. पोती मुरारच्या मंडीतली,
त्यांवर अजून कुणाकुणाच्या गव्हाची नावं.
दारांशी नर मरून पडले होते,
जाडजूड, मोठ्या डोळ्यांचे. थंडीच्या तोंडावर हाकलून दिलेले.
"पेन्शनर," तुळपुळे म्हणाले,
आणि केरसुणी माझ्या हातातून घेऊन
त्यांनी स्वतःच ते गोळा केले.

तीनमध्ये मेणकिड्याची जाळी होती.
तळहाताएवढी पिल्लावळ, तीही विस्कटलेली.
चौथ्या चौकटीवर ती सापडली. पंखांच्या कडा फाटलेल्या,
पाठीवर माझ्या नेलपॉलिशचा निळा ठिपका
अर्धा पुसलेला. दोन वर्षं झाली मार्चमध्ये लावून.

कुशवाहाला मुरैन्याला फोन लावला.
"दीदी, दबा दीजिए. दो सेकंड का काम है.
फिर अख़बार रखके दो नंबर में मिला दीजिए.
सरसों बस आ ही रही है."

तुळपुळ्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ नेली.
तिथेच थांबवली.
मग खिशातून काडेपेटी काढली,
काड्या माझ्या ओंजळीत ओतल्या,
ती, आणि तिच्याभोवतीच्या सहा-सात जणी, आत घेतल्या
आणि पेटी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवली.
"इथे बरी ऊब आहे," एवढंच.

संध्याकाळी कागद निवडायला बसले.
निधनवार्तांचं पान बाजूला काढलं.
निवडणुकीचं म्हणे, आधीच डसतं.
शेवटी शेतमालाचे भाव पसंत पडले.
पानाला सुईने सात भोकं पाडून ते दोनवर अंथरलं,
त्यावर तीन ठेवली.
"एकदम भेटल्या तर मारामारी करतील.
वाचत वाचत येऊ देत."

रात्री वारा सुटला. मुलीचा पुण्याहून फोन,
आई, थंडीत तरी ये.
मी म्हटलं, बघू, कागद फाटू दे आधी.
कुठला कागद, ती म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी दारात कागदाचा भुगा,
दवाने ओला. एका तुकड्यावर "हरभ",
एकावर नुसतं "क्विं".
एक माशी आपल्याहून मोठा कपटा ओढत
फळीच्या टोकापर्यंत आली, तो खाली सोडला,
आणि वळून आत गेली. त्या आता सगळ्या एकाच वासाच्या.

खतावणीत शाईने :
पेटी तीन, खाते बंद. शिल्लक दोनमध्ये वर्ग.
त्याखाली पेन्सिलीने (ते पेन्सिल वापरत नाहीत) :
राणी मजकडे, दिवस ४.
पुढे पाहिलं, तर ४ खोडून ९.
मग ९ खोडून १२.
मी विचारलं नाही.

गजकवाल्याच्या मोगऱ्यांचा आवाज गल्लीत सुरू झाला.
परवा दोन नंबरच्या माश्या परतल्या
त्या पायांना पिवळं माखून, कुठून कोण जाणे,
शहरात मोहरी नाही.
मी सांगायला कठड्याशी गेले.
तुळपुळे तिथेच उभे होते, हातात काडेपेटी.

"त्या दिवशीच्या काड्या,"
त्यांनी विचारलं, "उरल्यात का काही?"
पाच होत्या. मी आणून दिल्या.